सिंहाचं घराणं: ब्राउनश्वाइगच्या हाइनरिखची नातीगोती कशी वाचावीत

प्रश्न असा आहे: ‘जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या किल्ल्यासमोर कांस्याचा सिंह पाहिला. तो उभारणाऱ्या हेन्री द लायनकडे सॅक्सनी आणि बवेरिया अशा दोन मोठ्या डची (ड्यूक या पदाच्या सरदाराकडे सोपवलेले प्रांत) होत्या. मग 1180 मध्ये एवढ्या मोठ्या सरदाराचं सगळं एकदम कसं गेलं? त्याच्या वंशावळीत दोन बायका, वेगवेगळी जन्मसालं आणि एकाच नावाची पाच-सहा माणसं दिसतात. ती वाचायची कशी?’

मी याच चौकात चौदा वर्षं लोकांना हा इतिहास सांगते आहे. मराठी पाहुण्यांना तो सांगणं मला सोपं जातं. जर्मन भाषा ‘फेटर’ या एका शब्दावर भागवते, तिथे आपल्याकडे चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ आणि मावसभाऊ आहेत. या माणसाचं आयुष्य समजून घ्यायला हे चारही शब्द लागतात, त्याशिवाय काका, भाचा, सावत्र बाप, मेहुणा आणि व्याही हेही लागतात.

आधी थोडक्यात उत्तर. राजाने जे दिलं होतं ते राजाने परत घेतलं. आई आणि आज्यांनी माहेरून जे आणलं होतं ते मात्र हाइनरिखकडे राहिलं. (मी त्याचं नाव तिथल्या लोकांच्या तोंडी आहे तसं, हाइनरिख असंच लिहिते.) ब्राउनश्वाइगची मिळकत त्याच्या आईच्या आईकडून, म्हणजे रिखेन्झाकडून आली, आणि रिखेन्झाकडे ती तिच्या आईकडून आलेली होती. ल्युनेबुर्ग, जिथलं मीठ सोन्याच्या मोलाचं होतं, ते बापाच्या आईकडून आलं. ही आजी म्हणजे बिलुंग घराण्यातली वुल्फहिल्ड. 1180 च्या निकालानंतर डची गेल्या, पण ही दोन्ही ठिकाणं घराण्यात टिकली आणि पुढचा सगळा वंश त्यांच्याच जिवावर उभा राहिला. म्हणून वंशावळ हातात आली की आधी बायकांची नावं वाचा, असं मी प्रत्येकाला सांगते. पुरुषांच्या नावांनी फक्त गोंधळ होतो: आजोबा हाइनरिख, बाप हाइनरिख, सावत्र बाप हाइनरिख, मुलगा हाइनरिख, सासरा इंग्लंडचा राजा हेन्री, आणि म्हातारपणी ज्याच्याशी वाकडं आलं तो सम्राटही हाइनरिखच.

जन्मसालाचंही आत्ताच सांगून टाकते. काही पुस्तकांत 1129 ते 1131 च्या दरम्यानचं साल मिळेल, काहींत 1133 ते 1135. त्या काळी मूल जन्मलं याची नोंद ठेवायची पद्धतच नव्हती. मठांतले भिक्षू मृत्यूचा दिवस मात्र काळजीने लिहीत, कारण दर वर्षी त्या दिवशी मृताच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची असे. म्हणून हाइनरिख 6 ऑगस्ट 1195 ला वारला हे आपण ठामपणे सांगतो, आणि जन्मसाल मात्र इतर घटनांवरून मागे मोजत काढावं लागतं. मध्ययुगातल्या जवळजवळ प्रत्येक सरदाराची हीच स्थिती आहे. दोन वंशावळींत दोन जन्मसालं दिसली म्हणून कोणाला खोटं ठरवू नका.

त्याच्या घराण्याचं नाव वेल्फ. पुरुषांच्या बाजूने मूळ वेल्फ वंश 1055 मध्येच संपला होता. तिसरा वेल्फ निपुत्रिक वारला आणि मरताना इस्टेट मठाला देऊन गेला. त्याच्या म्हाताऱ्या आईने ते मान्य केलं नाही. तिची मुलगी कुनिगुंडे इटलीत, एस्टे घराण्यात दिली होती. आईने माणसं पाठवून त्या लेकीचा मुलगा इटलीहून बोलावून घेतला आणि घरदार त्याच्या हवाली केलं. तोच पुढे बवेरियाचा ड्यूक झाला आणि आपला हाइनरिख त्याचा पणतू. म्हणजे ज्या वेल्फ नावाचा सगळ्यांना एवढा अभिमान होता ते नाव मुळात एका लेकीच्या पोटी तगलं होतं.

हाइनरिखची आई गेर्ट्रूड ही सम्राट तिसरा लोथार आणि रिखेन्झा यांची एकुलती एक मुलगी. बाप ‘गर्विष्ठ’ हाइनरिख बवेरियाचा ड्यूक होता आणि सासऱ्यामुळे सॅक्सनीही त्याच्याकडे आली. 1137 च्या डिसेंबरात इटलीहून परतताना लोथार वाटेतच वारला. राजचिन्हं जावयाच्या ताब्यात होती आणि आपणच पुढचा राजा असं तो धरून चालला होता. पण इतर सरदारांना इतका बलदंड राजा नको होता. 1138 मध्ये त्यांनी श्टाउफेन घराण्यातल्या कोनराडला निवडलं आणि कोनराडने याच्या दोन्ही डची काढून घेतल्या. 1139 मध्ये बाप अचानक वारला. मागे उरलं एक लहान पोर.

पुढची चार वर्षं या गोष्टीत सगळ्यात कमी सांगितली जातात आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटतात. पोराच्या वतीने सॅक्सनी लढवत ठेवली ती आजी रिखेन्झाने. एका सम्राटाची विधवा, वय झालेलं, जावई गेलेला, तरी तिथले सरदार तिच्या शब्दावर एकत्र राहिले. 1141 मध्ये ती गेली तेव्हा सूत्रं गेर्ट्रूडकडे आली. 1142 मध्ये तडजोड झाली: मुलाला सॅक्सनी मिळाली, त्याने बवेरियावरचा हक्क सोडला आणि गेर्ट्रूडने राजाच्या सावत्र भावाशी लग्न केलं. हा बाबेनबेर्ग घराण्यातला हाइनरिख, टोपणनाव यासोमिरगोट. बवेरिया पुढे त्यालाच मिळाली. 1143 मध्ये गेर्ट्रूड बाळंतपणात गेली. अवघी अठ्ठावीस वर्षांची होती. मुलाच्या वाट्याला अर्धं राज्य आलं आणि उरलेलं अर्धं सावत्र बापाकडे राहिलं. मोठा झाल्यावर तो जी हाव दाखवतो ती मला इथूनच सुरू होताना दिसते.

आता आतेभाऊ. हाइनरिखची आत्या युडिट श्टाउफेन घराण्यात दिली होती, आणि तिचा मुलगा म्हणजे सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा. फ्रेडरिक 1152 मध्ये राजा झाला तोच मुळी दोन्ही भांडणाऱ्या घराण्यांचं रक्त त्याच्यात आहे या जमेच्या बाजूवर. त्याने मामेभावाची तक्रार मनावर घेतली. 1156 च्या सप्टेंबरात बवेरिया हाइनरिखला परत मिळाली, आणि यासोमिरगोटची मानहानी होऊ नये म्हणून त्याचा ऑस्ट्रियाचा मुलूख बवेरियातून तोडून त्याची स्वतंत्र डची केली. त्या सनदेत मुलगा नसेल तर मुलीलाही वारसा मिळेल असं कलम आहे. ऑस्ट्रियाची शाळकरी मुलं आजही ही तारीख शिकतात. मुळात तो एका सावत्र बाप-लेकाच्या वाटणीचा कागद होता.

पुढची वीस वर्षं दोघा भावांचं छान जमलं. फ्रेडरिकच्या इटलीतल्या स्वाऱ्यांना हाइनरिखने माणसं दिली आणि उत्तरेत हाइनरिख काय करतो याकडे फ्रेडरिकने काणाडोळा केला. हाइनरिख पुष्कळ काही करत होता, आणि तेही फक्त उत्तरेतच नाही. 1158 मध्ये त्याने फ्रायझिंगच्या बिशपच्या ताब्यातला इझार नदीवरचा पूल मोडला आणि मिठाचा रस्ता स्वतःच्या पुलाकडे वळवला. त्या पुलाशेजारचा बाजार म्हणजे आजचं म्युनिक. हा बिशप ओटो यासोमिरगोटचा सख्खा भाऊ होता, म्हणजे सावत्र काकाच. 1159 मध्ये ल्युबेक नव्याने वसवलं. 1160 मध्ये स्लाव ओबोट्रीट लोकांचा सरदार निक्लोट लढाईत मारला गेला आणि त्याच्या मुलखात हाइनरिखने श्वेरिन उभं केलं. पूर्वेकडच्या स्लाव लोकांसाठी हा माणूस जाळपोळ आणि खंडणी घेऊन आला, हेही सांगायला हवं. 1935 मध्ये नाझी राजवटीने त्याची कबर उघडून तिला तीर्थस्थानाचं रूप दिलं ते नेमकं याच पूर्वेकडच्या स्वाऱ्यांसाठी. ब्राउनश्वाइगमध्ये त्याचं कौतुक सांगताना हे दोन्ही मी कधी गाळत नाही.

कांस्याचा सिंह साधारण 1166 चा. वजन 880 किलो, आणि रोमन काळानंतर आल्प्सच्या उत्तरेला उभी राहिलेली ही पहिली मोठी मोकळी ओतीव मूर्ती. चौकात आहे ती प्रतिकृती. मूळ सिंह शेजारच्याच डांकवार्डेरोडे किल्ल्यात आत ठेवला आहे. तो बघायला जरूर आत जा.

दोन बायकांचं आता सांगते. पहिली त्सेरिंगेन घराण्यातली क्लेमेन्झिया. तिने माहेरून बाडेनवाइलरचा किल्ला आणि त्याभोवतीची जमीन आणली. 1158 मध्ये हाइनरिखने ती फ्रेडरिकला देऊन बदल्यात हार्त्स डोंगरातले किल्ले घेतले, ब्राउनश्वाइगच्या जवळचे. 1162 मध्ये घटस्फोट झाला. कारण दाखवलं ते दूरच्या रक्तसंबंधाचं. चर्चच्या नियमाप्रमाणे ते चालण्यासारखं होतं आणि सरदार लोक सोयीने ते वापरत. खरं तर फ्रेडरिकचं त्सेरिंगेनवाल्यांशी बिनसलं होतं, आणि मुलगा लहानपणीच गेल्यामुळे हाइनरिखलाही वारस हवा होता. क्लेमेन्झियाने पुढे सव्हॉयच्या काउंटशी लग्न केलं. तिची मुलगी गेर्ट्रूड बापाकडे राहिली. तिचं पहिलं लग्न श्टाउफेन घराण्यात झालं. तो नवरा 1167 मध्ये रोमजवळच्या साथीत गेला, आणि मग ती डेन्मार्कच्या राजघराण्यात गेली आणि तिथली राणी झाली.

दुसरी बायको माटिल्डा, इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री आणि आक्विटेनची एलिनोर यांची थोरली लेक, रिचर्ड द लायनहार्टची बहीण. 1 फेब्रुवारी 1168 ला मिंडनच्या कॅथेड्रलमध्ये लग्न लागलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि नवरा तिशीच्या पुढचा. तिच्या हुंड्यासाठी बापाने इंग्लंडात खास कर बसवला होता. चार वर्षांनी हाइनरिख जेरुसलेमच्या यात्रेला गेला तेव्हा ती गरोदर होती आणि ब्राउनश्वाइगलाच राहिली. त्याच साली मुलगी झाली. तिचं नाव पणजीवरून रिखेन्झा ठेवलं. इंग्लंडात गेल्यावर लोक तिला आजोळच्या पद्धतीने माटिल्डा म्हणू लागले, म्हणून काही वंशावळींत ही एकच मुलगी दोन ठिकाणी दिसते. मग मुलगे: हाइनरिख, लोथार, ओटो आणि 1184 मध्ये विंचेस्टरला जन्मलेला विल्हेल्म. लोथार हे नाव हाइनरिखच्या आईच्या बापाचं, आणि विल्हेल्म हे सासुरवाडीकडचं, नॉर्मन राजांचं.

आता मूळ प्रश्नाकडे, सगळं कसं गेलं. पुस्तकांत एक प्रसंग रंगवून दिलेला असतो. 1176 च्या सुरुवातीला कियाव्हेन्नात फ्रेडरिकने इटलीतल्या लढाईसाठी सैन्य मागितलं, हाइनरिखने बदल्यात गोस्लार आणि तिथल्या चांदीच्या खाणी मागितल्या, सम्राटाने त्याच्यासमोर गुडघे टेकले, तरी हा हलला नाही. मे महिन्यात लेन्यानोला फ्रेडरिक हरला. गुडघे टेकल्याचं लिहिणारे सगळे हाइनरिखच्या पतनानंतर लिहीत होते, हे लक्षात ठेवा. मदत नाकारली एवढं धरून चालायला हरकत नाही.

मला त्यापेक्षा काकाची गोष्ट जास्त निर्णायक वाटते. सहावा वेल्फ हा गर्विष्ठ हाइनरिखचा धाकटा भाऊ, दक्षिणेतल्या सगळ्या जुन्या वेल्फ मिळकतीचा मालक. त्याचा एकुलता एक मुलगा 1167 च्या साथीत गेला. त्यानंतर म्हातारा काका खर्चिक झाला, मेजवान्या आणि दानधर्म यांत पैसा उडवू लागला. त्याने पुतण्याला सांगितलं, मला रोख रक्कम दे, माझ्यामागे सगळं तुझं. हाइनरिखने कबूल केलं आणि पैसे द्यायला उशीर करत राहिला. काका आज ना उद्या जाईलच, मग मिळकत फुकटच येईल, असा त्याचा हिशेब होता, असं एका मठातल्या इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. काका चिडला आणि त्याने बहिणीच्या मुलाकडे, फ्रेडरिककडे मागणी केली. फ्रेडरिकने लगेच पैसे मोजले. पुतण्याला डावलून मिळकत भाच्याकडे गेली आणि म्हातारा काका 1191 पर्यंत जगला. या व्यवहारानंतर फ्रेडरिकला दक्षिणेत मामेभावाची गरजच उरली नाही. वर्षानुवर्षं कोणाचं ऐकून न घेणाऱ्या हाइनरिखविरुद्ध सॅक्सनीतल्या बिशप आणि सरदारांच्या तक्रारी साचल्या होत्या. 1178 पर्यंत फ्रेडरिक त्या परतवत असे, आता त्याने त्या दाखल करून घेतल्या.

1179 मध्ये हाइनरिखला पुन्हा पुन्हा बोलावणं गेलं आणि तो एकदाही हजर राहिला नाही. कायद्याच्या दृष्टीने त्याला भोवलं ते हे गैरहजर राहणं. 13 एप्रिल 1180 ला गेल्नहाउझेनच्या सनदेने सॅक्सनीचे तुकडे झाले: पश्चिमेकडचा भाग कोलोनच्या आर्चबिशपला, उरलेला आनहाल्टच्या बेर्नहार्डला. सप्टेंबरात बवेरिया विटेल्सबाखच्या ओटोला मिळाली. जहागीर म्हणून मिळालेलं गेलं ते असं. नोव्हेंबर 1181 मध्ये एर्फुर्टला त्याने सम्राटाचे पाय धरले. घरची मालकीची जमीन त्याला परत मिळाली आणि सोबत हद्दपारी.

हद्दपार होऊन जायचं कुठे, तर सासऱ्याकडे. 1182 ते 1185 या काळात तो माटिल्डा आणि मुलांसह नॉर्मंडीत आणि इंग्लंडात हेन्रीच्या आश्रयाला होता. जावई सासुरवाडीला राहिला याची तिथे कोणी चेष्टा केल्याचं मी वाचलेलं नाही. उलट हेन्रीनेच सम्राटाकडे रदबदली करून त्याचा परतीचा रस्ता मोकळा केला. 1189 मध्ये फ्रेडरिक धर्मयुद्धाला निघाला तेव्हा हाइनरिखपुढे पर्याय ठेवले होते: सोबत यायचं, हक्क सोडायचे, किंवा तीन वर्षं देशाबाहेर जायचं. त्याने देशाबाहेर जाणं निवडलं. या खेपेला माटिल्डा गेली नाही. ती ब्राउनश्वाइग सांभाळत मागे राहिली आणि त्याच उन्हाळ्यात तिथेच वारली. तिशीच्या थोडी पुढे होती. ती गेल्यावर हाइनरिख शब्द मोडून परत आला, आणि ऑक्टोबरात त्याने बार्डोविक गाव उद्ध्वस्त केलं.

माझ्या आवडीचा शेवटचा प्रसंग 1193-94 च्या हिवाळ्यातला आहे. त्याच्या थोरल्या मुलाचं, हाइनरिखचं, आणि आग्नेसचं लग्न पूर्वी ठरलं होतं. आग्नेस बार्बारोसाच्या सावत्र भावाची, कोनराडची, एकुलती वारस लेक. घराणी फाटल्यावर ते मोडलं, आणि फ्रान्सच्या राजाने तिला मागणी घातली. आग्नेसच्या आईने, इर्मेनगार्डने, नवरा घरी नसताना तरुण हाइनरिखला ऱ्हाइनकाठच्या श्टालेक किल्ल्यावर बोलावून घेतलं आणि दोघांचं लग्न लावून टाकलं. सम्राट सहावा हाइनरिख संतापला, पण लग्न मोडणं चर्चच्या दृष्टीने अवघड होतं, आणि कोनराडनेही मग जावई पदरात घेतला. 1194 च्या मार्चमध्ये टिलेडाला म्हातारा हाइनरिख आणि सम्राट यांच्यात समेट झाला. भेटीला जाताना हाइनरिख हार्त्स डोंगरात घोड्यावरून पडला होता आणि पायाला जबर मार लागला होता. दोन पिढ्यांच्या लढायांनी जे झालं नव्हतं ते एका आईने दार उघडून केलं.

शेवटचं दीड वर्ष तो ब्राउनश्वाइगला शांत राहिला. झोप लागत नसे, तेव्हा जुन्या बखरी जमवून रात्र-रात्र वाचून घेत असे. मेल्यावर त्याला त्याने स्वतः बांधायला घेतलेल्या सेंट ब्लासियस चर्चमध्ये माटिल्डाशेजारी पुरलं.

तुम्हाला त्याच्या मनातलं घराणं बघायचं असेल तर एक पान आहे. हेल्मार्सहाउझेनच्या मठातल्या हेरिमान नावाच्या भिक्षूने त्याच्यासाठी शुभवर्तमानाची सचित्र पोथी केली. 1983 मध्ये ती लंडनला लिलावात सव्वातीन कोटी मार्कांना घेतली गेली, आणि आता ब्राउनश्वाइगजवळ व्होल्फेनब्युटेलला असते. त्यातल्या एका चित्रात आकाशातून आलेले हात हाइनरिख आणि माटिल्डाच्या डोक्यावर मुकुट ठेवत आहेत. दोघांमागे त्यांचे आप्त उभे आहेत. हाइनरिखच्या मागे बाप, आई, आणि मग लोथार आणि रिखेन्झा. बापाकडचे वेल्फ आजी-आजोबा तिथे नाहीतच. माटिल्डाच्या मागे राजा हेन्री आणि तिची आजी, जी एके काळी सम्राज्ञी होती. आपण कोण आहोत हे सांगताना या माणसाने आजोळ दाखवलं.

पुढचा वंश थोडक्यात. मुलगा ओटो मामाच्या, रिचर्डच्या, दरबारात वाढला, 1198 मध्ये राजा निवडला गेला, 1209 मध्ये रोमला सम्राट झाला, 1214 मध्ये बूव्हीनला हरला आणि 1218 मध्ये निपुत्रिक वारला. धाकट्या विल्हेल्मचा मुलगा ओटो 1235 मध्ये ब्राउनश्वाइग-ल्युनेबुर्गचा ड्यूक झाला, म्हणजे आज्यांच्या त्याच दोन मिळकतींचा. याच शाखेतून हॅनोव्हरचं घराणं आलं आणि 1714 पासून ब्रिटनच्या गादीवर बसलं. 1818 मध्ये पेशवाई बुडाली तेव्हाचा राजा तिसरा जॉर्ज, आणि 1877 मध्ये हिंदुस्थानची सम्राज्ञी झालेली व्हिक्टोरिया, दोघंही या विल्हेल्मचे वंशज. व्हिक्टोरियाला 1837 मध्ये ब्रिटन मिळालं, पण हॅनोव्हर मिळालं नाही, कारण तिथे बाईला गादी मिळत नसे. ते तिच्या काकाकडे गेलं.

आणि बवेरिया? श्टालेकवर चोरून लागलेल्या त्या लग्नातून एक मुलगी झाली, तिचंही नाव आग्नेस. 1222 मध्ये तिचं लग्न विटेल्सबाख घराण्यातल्या ओटोशी झालं. ज्या ओटोला हाइनरिखची बवेरिया काढून दिली होती त्याचा हा नातू. या ओटोनंतर 1918 पर्यंत म्युनिकमध्ये ज्यांनी ज्यांनी राज्य केलं ते सगळे या आग्नेसचे, म्हणजे हाइनरिखच्या नातीचे वंशज.